वकिलीची सनद

इ. स. १८६७ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्याच्या पुढच्याच वर्षी फिरोजशहा मेहता विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, त्या काळी बॅरिस्टरीसाठी परीक्षा देणे खुद्द विलायतेतही सक्तीचे नव्हते. तेथील ‘इन’ म्हणविणाऱ्या चार वकील-संस्थांपैकी एकीत नाव दाखल करावे, नेमलेली सत्रे भरावीत, प्रत्येक सत्रात ठरलेल्या संख्येइतकी भोजने इनच्या दिवाणखान्यात घ्यावीत, आणि एक तर व्याख्यानांस हजेरी लावावी किंवा ते नको असेल तर परीक्षेस बसावे, असा विकल्प उमेदवारास असे. तो विकल्प जाऊन परीक्षा अटळ झाली ती १८७२ साली. त्याच सुमारास इकडे मुंबईत महादेव गोविंद रानडे नावाचा एक विद्यार्थी बी. ए., एम. ए. होऊन १८६६ मध्ये एल्‌एल्‌. बी. झाला, आणि एवढ्या पदव्या पदरी असूनही हायकोर्टात बॅरिस्टराच्या शेजारी उभे राहण्याचा हक्क मिळावा म्हणून त्याला १८७१ मध्ये ॲडव्होकेटची आणखी एक परीक्षा द्यावी लागली. तय्यबजी आणि मेहता यांची योग्यता पंक्तीतल्या भोजनांवर अवलंबून नव्हती, हे सांगावयास नकोच. प्रश्न व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा आहे. मुंबई इलाख्यातील वकिलीच्या परीक्षांचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते, ती ही की या परीक्षांचे काम उमेदवाराचे कायद्याचे ज्ञान तोलणे एवढेच कधीही नव्हते. कोणास कोणत्या उंबरठ्यापर्यंत येऊ द्यावयाचे याचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता, आणि उंबरठा जितका मानाचा तितका तो ओलांडण्यासाठी विद्येखेरीज इतर साधनांचा खर्च अधिक होता.

पेशवाईत हा धंदा आजच्या अर्थाने नव्हताच. वतनाचा, वाटणीचा किंवा देण्याघेण्याचा तंटा पडला म्हणजे वादी आणि प्रतिवादी स्वतःच पंचांपुढे उभे राहात. निवाडा मान्य करू असा राजीनामा अगोदर लिहून द्यावा, जामीन द्यावा, साक्षी-पुरावा व्हावा, निवाडपत्र हाती पडावे, आणि जिंकणाराने हरकी व हरणाराने गुन्हेगारी सरकारात भरावी, असा रिवाज असे. १८१९ साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिताना माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यास या पंचायतींचे मोठे अगत्य वाटले होते, परंतु गव्हर्नर म्हणून त्याच्याच कारकीर्दीच्या अखेरीस, १८२७ मध्ये, जी कायद्यांची संहिता अमलात आली तिने पंचायतीचे दिवस भरत आणले. या संहितेचे दुसरे रेग्युलेशन दिवाणी अदालतींविषयी होते, आणि त्यात वकिलांचीही तजवीज होती: सनद अदालतीने द्यावयाची, गैरवर्तन झाल्यास अदालतीनेच ती तहकूब करावयाची, आणि फीचे कोष्टक दाव्याच्या रकमेच्या मानाने कायद्यालाच जोडलेले. म्हणजे वकील हा पक्षकाराचा माणूस खरा, पण त्याची नाडी सरकारच्या हाती. १८४६ च्या पहिल्या कायद्याने ही गाठ थोडी सैल केली. कोणत्याही जातीच्या व धर्माच्या लायक इसमास वकिलीचे दार मोकळे झाले, आणि फी किती घ्यावयाची हे वकील व पक्षकार यांनी आपसात ठरवावे अशी मुभा मिळाली. आरंभी लेखी प्रश्नपत्रिकांचा हा थाट नव्हता. तो आला तो १८५५ साली एल्फिन्स्टन कॉलेजच्या आश्रयाने निघालेली कायद्याची शाळा, १८५७ चे मुंबई विद्यापीठ आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झालेले हायकोर्ट या तिन्हींच्या पाठोपाठ.

हायकोर्ट आले आणि शिडी उभी राहिली. तळच्या पायरीवर जिल्हा वकील. त्याने जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कोर्टांत काम चालवावे. त्याच्यावर हायकोर्ट वकील, जो एल्‌एल्‌. बी. होऊन किंवा हायकोर्टाची परीक्षा देऊन आलेला. त्याने मोफसलातून आलेली अपिले चालवावीत, म्हणजे अपिलेट साइडला उभे राहावे. सर्वांत वर ओरिजिनल साइड, जेथे खुद्द मुंबई शहरातील पेढीवाल्यांचे, गिरणीवाल्यांचे आणि जहाजवाल्यांचे मोठमोठे दावे प्रथमतः दाखल होत आणि जेथे फीचे आकडे मोफसलच्या वकिलास स्वप्नवत वाटावेत असे असत. तेथे बॅरिस्टर आणि ॲडव्होकेटची परीक्षा उतरलेले थोडे एतद्देशीय, एवढ्यांनाच वाव, आणि तोही सॉलिसिटराने कागद आणून हाती दिले तर. ॲडव्होकेटच्या या परीक्षेचा कठीणपणाबद्दल मोठा लौकिक होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८७२ मध्ये त्या वाटेने आले आणि १८८९ मध्ये न्यायासनावर बसले. कन्हैयालाल मुनशी १९१३ मध्ये आले. तेलंगांसारख्या संस्कृतज्ञास मुंबईच्या बारमध्ये बसण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही, हे त्या परीक्षेचे उपकारच म्हटले पाहिजेत. पण तेवढ्यासाठी हायकोर्टाच्या नियमांत ही खिडकी ठेवावी लागली, आणि दरवाजा मात्र विलायतेकडेच उघडत राहिला.

परंतु या इतिहासातील खरा रस वरच्या पायरीवर नाही. तो आहे खालच्या दोन पायऱ्यांवर, जेथे साताऱ्या-सोलापुराकडचा एखादा कारकून किंवा शाळामास्तर दिवसाची चाकरी उरकून रात्री कंदिलापाशी कायद्याची पुस्तके उघडीत असे. त्याने वाचावयाचे तरी काय? इंडियन पिनल कोड १८६० चे, पुराव्याचा आणि कराराचा कायदा १८७२ चे, मिळकत हस्तांतराचा १८८२ चा. दिवाणी कामाची संहिता १८५९ ची पाठ करावी तो १८७७ ची यावी आणि ती अंगवळणी पडते न पडते तो १८८२ ची. मुदतीचा कायदाही असाच कूस बदलीत राहिलेला. त्यात मामलेदारांच्या कोर्टांचा कायदा निराळा आणि जमीनमहसुलाचा निराळा. हे सारे छापील असल्यामुळे पाठांतराने तरी साधे. हिंदुधर्मशास्त्राचे तसे नव्हते, आणि परीक्षेत उमेदवाराचा खरा कस लागे तो तेथे.

एकच उदाहरण जवळून पाहू. एक गृहस्थ निपुत्रिक वारला. मागे विधवा नाही, कन्या नाही, दौहित्र नाही. आई आणि बाप मात्र दोघेही हयात आहेत. मिळकत कोणाची? ग्रामस्थाच्या दृष्टीने हा प्रश्न प्रश्नच नव्हे, कारण आईबाप एकाच चुलीवर जेवणार. पण परीक्षकाच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द मृताच्या गावाचे नाव हा असे. गाव रत्नागिरीकडचे असेल तर मिताक्षरेचे प्रामाण्य, आणि मिताक्षरा आईला बापाच्या आधी बसविते. गाव सुरतेकडचे असेल तर व्यवहारमयूखाचे प्रामाण्य, आणि मयूखाच्या मते बाप आधी. मयूखाची हुकमत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे; दक्षिणेकडे मिताक्षरा वरचढ; पुणे, नगर आणि खानदेश या जिल्ह्यांत दोन्ही ग्रंथ बरोबरीचे, म्हणून परीक्षेच्या दृष्टीने हे तीन जिल्हे सर्वांत घातकी. बहिणीचेही तसेच. इतर प्रांतांत जी वारसदारांच्या पंक्तीत बसू शकत नव्हती ती बहीण मयूखाने आजीच्या पाठोपाठ बसविली, आणि मुंबईच्या कोर्टांनी ते मान्य केले. मयूखाचा कर्ता नीलकंठ भट्ट काशीस राहून लिहीत होता, पण घराणे मूळचे पैठणचे. सतराव्या शतकातल्या त्या पंडिताने आईबापांचा क्रम लावला तेव्हा अडीचशे वर्षांनंतर इंग्रजी कोर्टाच्या परीक्षेत त्यावर कोणाची तरी सनद अडेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

पूर्वी अशा प्रसंगी कोर्टाच्या पदरी असलेल्या शास्त्रीबुवांस प्रश्न लिहून पाठवीत व त्यांचे उत्तर प्रमाण धरीत. १८६४ मध्ये शास्त्र्यांच्या त्या जागा मोडल्या, आणि शास्त्र्यांनी दिलेल्या उत्तरांच्या आधारे वेस्ट व ब्यूलर या दोघांनी जो संग्रह तयार केला तो उमेदवारांच्या हातचे शस्त्र झाला. १८८० मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मयूखाचे आणि याज्ञवल्क्यस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मंडलिकांची गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण विद्यापीठाची पदवी नसताना हा गृहस्थ सरकारी नोकरीतून वकिलीत आला आणि १८८४ मध्ये मुंबईचा सरकारी वकील झाला. नानाभाई हरिदासही वकीलच. मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेले ते पहिले एतद्देशीय. तेव्हा खालच्या पायरीवरून वर जाणे अगदीच अशक्य होते असे म्हणता येणार नाही. पण ज्यांची नावे घेता येतात ते थोडेच; बाकीचे जिल्ह्याच्या गावी बार-रूममधल्या बाकावर पक्षकाराची वाट पाहात म्हातारे झाले.

मोफसलच्या वकिलास आणखी एक विद्या लागे, जिची प्रश्नपत्रिका कोणी काढीत नसे. पक्षकाराने फडक्यात बांधून आणलेले कर्जरोखे, गहाणखते आणि फारखती मोडीत लिहिलेल्या असत, आणि सावकाराच्या कारकुनाने घाईने ओढलेली मोडी वाचता न येणाऱ्या पदवीधरास पिनल कोड तोंडपाठ असून उपयोग नव्हता. त्यातून १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्यात लिहिलेली रक्कम बाजूस ठेवून मूळ देणे-घेणे खणून काढण्याची आज्ञा त्याने न्यायाधीशास केली. पण वकिलांच्या दृष्टीने त्यातील बोचणारे कलम दुसरेच होते. गावमुन्सफापुढे आणि शंभर रुपयांच्या आतील कित्येक दाव्यांत वकिलाने हजर राहूच नये, असे त्यात होते. ज्या कायद्याचा परीक्षेसाठी अभ्यास करावयाचा त्याच कायद्याने आपल्याला दाराबाहेर उभे करावे, हा अनुभव त्या चार जिल्ह्यांतील उमेदवारांनी घेतला. सरकारचा समज असा की कुणब्याला सावकार नाडतो तो वकिलाच्या मदतीने. आणि हा समज सर्वस्वी खोटा होता असे मला म्हणवत नाही.

अशा उमेदवारांना शिकविणार कोण? एल्‌एल्‌. बी. व्हावयाचे तर मुंबईस जाऊन राहणे आले, आणि मुंबईत राहण्याचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. ही उणीव पुण्यात भरून काढली ती बाळ गंगाधर टिळकांनी. ते स्वतः १८७९ चे एल्‌एल्‌. बी.; परंतु सनद घेऊन कोर्टात उभे राहावयाचे नाही असा निश्चय करून शाळा, कॉलेज आणि वर्तमानपत्र यांत पडलेले. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी संबंध तोडल्यावर चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा हायकोर्ट वकील आणि जिल्हा वकील या परीक्षांसाठी त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला. या इलाख्यातील तसा तो पहिलाच वर्ग म्हणतात. धर्मशास्त्राचा विषय टिळकांकडे असणे साहजिकच होते. मिताक्षरेतील पंक्ती मुळातून लावून दाखविणारा शिक्षक अशा परीक्षार्थींस दुसरीकडे मिळणे कठीण. साताऱ्यास वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ मध्ये पुण्यास आले ते या वर्गाच्या आणि ‘मराठा’ पत्राच्या कामात टिळकांना हात देण्यासाठी, आणि वकिलीकडे पुनः फारसे वळले नाहीत. मराठी वाङ्मयाचा त्यात नफाच झाला. ज्या टिळकांनी इतरांस पिनल कोड शिकविले त्यांच्यावरच त्या कोडाचे राजद्रोहाचे कलम दोनदा लागले. १९०८ मध्ये आपला बचाव टिळकांनी स्वतःच केला आणि ज्युरीपुढील त्यांचे भाषण एकवीस तास चालले. समोर न्यायासनावर होते दिनशा दावर, जे १८९७ च्या खटल्यात याच टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते.

विलायतेच्या वाटेचे वर्णन गांधींनी आपल्या आत्मकथेत केले आहे, आणि ते वाचताना हसू आवरत नाही. बारा सत्रे भरावयाची, प्रत्येक सत्रात निदान सहा भोजने घ्यावयाची. चार-चार जणांचा गट करून बसवीत आणि प्रत्येक गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत, म्हणून मद्य न घेणारा हा काठेवाडी तरुण आपल्या गटात असावा यासाठी इतरांची चढाओढ लागे. परीक्षा तेव्हा सक्तीची झाली होती, पण ती कोणी नापास होण्यासारखी आहे असे समजत नसत. गांधींनी मात्र रोमन कायदा लॅटिनमधून वाचण्याचा खटाटोप केला. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि मुंबईस येऊन लघुवाद न्यायालयात पहिलाच मुकदमा चालवावयास उभे राहिले तो पाय लटपटले, आणि तीस रुपयांचे ते वकीलपत्र त्यांनी दुसऱ्याकडे सोपविले. हिंदू कायदा त्यांना इनमध्ये कोणी शिकविलाच नव्हता. रत्नागिरीची आई आणि सुरतेचा बाप यांचा भेद ज्याला झोपेतही सांगता येई तो जिल्हा वकील शिडीच्या तळाशी, आणि ज्याने तो ऐकलाही नाही तो वर. या विपर्यासाबद्दल हायकोर्ट वकिलांच्या मनात सल असे, आणि तो रास्त होता.

वरच्या पायरीसाठी मुख्य लागे तो पैसा. भीमराव आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, कोलंबिया आणि लंडन येथील विद्या त्यांच्यापाशी होती. तरी मुंबईत सनद काढण्यापुरती रक्कम गाठीस नव्हती, ती नवल भथेना या पारशी स्नेह्याने दिली, तेव्हा १९२३ मध्ये हायकोर्टात त्यांचे नाव लागले. अस्पृश्य मानलेल्या वकिलाकडे सॉलिसिटर कामे आणीनात, म्हणून खालच्या कोर्टांतील लहानसहान खटले आणि एका संस्थेत व्यापारी कायदा शिकविणे यांवर त्यांनी काही काळ काढला. १९३५ मध्ये सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले.

स्त्रियांच्या बाबतीत तर परीक्षा उतरूनही सनद नव्हती. नाशिकास जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे बी. सी. एल. च्या परीक्षेस खास परवानगीने बसल्या, परत येऊन मुंबई विद्यापीठाच्या एल्‌एल्‌. बी. झाल्या, मग १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली. आणि तरीही पुरुषवाचक शब्दात लिहिलेल्या नियमांत स्त्री येते किंवा कसे याचा खल पुढे कोर्टाकोर्टांत होत राहिला. तो संपला १९२३ च्या कायद्याने. त्याच वर्षी लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन मिठन टाटा मुंबई हायकोर्टात आल्या, आणि तेथे वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

इलाख्याबाहेरच्या मराठी मुलखाचा उल्लेख ओझरताच करतो. नागपूर प्रांतात १८७९ चा वकिलांविषयीचा कायदा लागू होता व तेथे वकिलांबरोबर मुखत्यारही दिसत. निजामाच्या मराठवाड्यात अदालतीची भाषा उर्दू, तेव्हा परभणी-नांदेडकडच्या उमेदवारास दाव्याचा मजकूर उर्दूत मांडता आल्याखेरीज गत्यंतर नसे. इलाख्यातल्या पुण्याची, कायद्याच्या पदवीसाठी मुंबईस जाण्याची, अडचण मात्र १९२४ मध्ये दूर झाली, जेव्हा इंडियन लॉ सोसायटीने जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांच्या हाताखाली लॉ कॉलेज काढले.

शिडी मोडावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९२३ मध्ये सर एडवर्ड चेमियर यांची समिती बसली, १९२६ मध्ये बार कौन्सिलांचा कायदा झाला, पण मुंबई आणि कलकत्ता येथील ओरिजिनल साइडला हात लावण्याचे धैर्य त्यास झाले नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाने वकील, प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर हे भेद पुसून ॲडव्होकेट ही एकच जात ठेवली आणि नाव नोंदण्याचे काम राज्याच्या बार कौन्सिलाकडे दिले. पदवीनंतर काही काळ उमेदवारी करून कौन्सिलाची परीक्षा द्यावी, अशी अटही त्यात होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. पुढची साडेतीन दशके पदवी आणि अर्ज एवढ्यावर सनद मिळू लागली. ज्या शिडीने एवढा अन्याय केला तिच्याबरोबर परीक्षाही फेकून दिली गेली, आणि हे दुसरे टोक होते असे माझे मत आहे. जुन्या जिल्हा वकिलाचा मान खालचा होता, पण त्याला कायदा येत असे.

६ मार्च २०११ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने पहिली अखिल भारतीय परीक्षा घेतली. शंभर प्रश्न, प्रत्येकास चार उत्तरे, त्यांतील एकावर खूण करावयाची, आणि पुस्तके जवळ बाळगण्यास तेव्हा मोकळीक होती. चाळीस टक्क्यांस तेव्हा उत्तीर्ण धरीत. उमेदवार ती मराठीतूनही देऊ शकतो. अशी परीक्षा घेण्याचा अधिकार कौन्सिलास आहे किंवा नाही यावर वाद झाला, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी परीक्षेच्या बाजूने मिटविला. पैशाची अडसर मात्र तोवर नव्या रूपाने वाढली होती. निरनिराळी राज्य कौन्सिले नाव नोंदण्यासाठी कित्येक हजार रुपये घेत होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की कायद्यात लिहिलेल्यापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास सातशे पन्नास आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास एकशे पंचवीस रुपयांपेक्षा, जास्त फी कोणत्याही कौन्सिलास घेता येणार नाही. मुंबईत सॉलिसिटरांची परीक्षा मात्र आजही निराळी आहे, ती त्यांची स्वतःची सोसायटी घेते, आणि तिच्या कठीणपणाचा लौकिक अद्याप कायम आहे.